वीर्यातली नैसर्गिक ओपिऑइड पेप्टाइडं आणि पुरुषाची जननक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीर्य तपासणीचा रिपोर्ट हातात पडला आणि त्यात 'गतिशीलता कमी' असं लिहिलेलं असलं, की अनेक जोडपी रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. वाचता वाचता 'वीर्यात एंडॉर्फिन असतं' या वाक्यापाशी पोचतात. हे वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधारावर पुढे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं आणि काही तर सरळ दिशाभूल करणारं असतं. मुलाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या आशेशी असा खेळ होऊ नये, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

ओपिऑइड पेप्टाइड म्हणजे नक्की काय?

अफूतलं मॉर्फिन शरीरात गेलं की ते पेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरांना (म्हणजे रेणू येऊन बसण्याच्या खास जागांना) चिकटतं आणि वेदना कमी होते. असे रिसेप्टर खरोखर आहेत हे १९७३ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं: बाल्टिमोरला कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस. एका झाडाच्या चिकासाठी आपल्या शरीरात रिसेप्टर असण्याचं कारण काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. त्याचं उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला मिळालं. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून दोन इवलीशी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वेगळी केली. दोन्हींत अमिनो आम्लं फक्त ५. पहिली चार अगदी सारखी, शेवटचं तेवढं वेगळं: एकात मेथिओनिन, दुसऱ्यात ल्यूसिन. म्हणून एक मेट-एन्केफॅलिन आणि दुसरं ल्यू-एन्केफॅलिन. शरीर स्वतःच बनवतं आणि मॉर्फिनसारखी याच रिसेप्टरांना चिकटतात, अशी पेप्टाइडं म्हणजे ओपिऑइड पेप्टाइडं.

पुढच्या काही वर्षांत ३१ अमिनो आम्लांचं बीटा-एंडॉर्फिन आणि त्यानंतर डायनॉर्फिन सापडलं. रिसेप्टरांचे मुख्य प्रकार तीन: म्यू, डेल्टा आणि कप्पा. मॉर्फिन प्रामुख्याने म्यूवर काम करतं. एन्केफॅलिनचा ओढा डेल्टाकडे, डायनॉर्फिनचा कप्पाकडे, तर बीटा-एंडॉर्फिन म्यू आणि डेल्टा या दोन्हींवर चालतं. रिसेप्टरांची ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

ही तर मेंदूतली द्रव्यं. वीर्यात कशी आली?

ती मेंदूतून किंवा रक्तातून झिरपत आलेली नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माणसाच्या वीर्यद्रवात बीटा-एंडॉर्फिन आणि मेट-एन्केफॅलिन मोजली गेली, आणि त्यांचं प्रमाण त्याच पुरुषांच्या रक्तातल्यापेक्षा जास्त भरलं. याचा अर्थ ती प्रजनन मार्गातच तयार होतात. वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. त्याच पेशी बीटा-एंडॉर्फिनचं मूळ प्रथिनही बनवतात. एन्केफॅलिनचं मूळ प्रथिन बनवणारं जनुक शुक्राणू ज्यांच्यापासून घडतात त्या पेशींमध्ये चालू असतं, आणि प्रोस्टेट ग्रंथीतही एन्केफॅलिन सापडतं.

वीर्य म्हणजे नुसते शुक्राणू नव्हेत, हे इथे सांगायला हवं. एकूण द्रवातला शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के असतो. दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग शुक्राशयांतून येतो आणि उरलेला बहुतेक प्रोस्टेटमधून. या द्रवाकडे बराच काळ शुक्राणू वाहून नेणारं पाणी एवढ्याच नजरेने पाहिलं गेलं. प्रत्यक्षात त्यात साखर, जस्त, एन्झाइमं, प्रोस्टाग्लँडिन, हॉर्मोन असं पुष्कळ काही असतं आणि शुक्राणू त्यात अक्षरशः भिजून निघतो. ओपिऑइड पेप्टाइडं या मिश्रणाचाच भाग आहेत.

शुक्राणूवर त्यांचे रिसेप्टर आहेत का?

आहेत, तिन्ही प्रकारचे. स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये माणसाच्या शुक्राणूवर म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तीनही रिसेप्टर असल्याचं दाखवलं.

या शोधाचं महत्त्व समजायला शुक्राणूची घडण माहीत हवी. शुक्राणू पूर्ण तयार झाला की त्याच्या केंद्रकातलं डीएनए इतकं घट्ट गुंडाळलेलं असतं की त्यावरून नवी प्रथिनं बनवणं जवळपास बंदच असतं. आजूबाजूची परिस्थिती बदलली तर नवीन जनुक चालू करून तिला तोंड देण्याची सोय त्याच्याकडे नाही. जे काही करायचं ते अंगावर आधीच बसवलेल्या रिसेप्टरांच्या, आयनांच्या वाटांच्या आणि एन्झाइमांच्या जोरावर. एवढ्या काटकसरीने घडलेल्या पेशीवर तिन्ही ओपिऑइड रिसेप्टर टिकून राहिले आहेत, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं.

मग ही पेप्टाइडं शुक्राणूंचा वेग वाढवतात की कमी करतात?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देणारा माणूस तुम्हाला चुकीचं सांगत असतो.

२००६ च्या त्याच अभ्यासात स्वच्छ केलेल्या शुक्राणूंवर वेगवेगळी द्रव्यं घालून पाहिली होती. मॉर्फिन घातल्यावर पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण घटलं, पण लगेच नाही, साडेतीन तासांनी. नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध, घातलं की ही घट थांबली. त्यामुळे परिणाम म्यू रिसेप्टरमार्फतच झाला असं म्हणता येतं. डेल्टाच्या बाबतीत चित्र उलटं निघालं. डेल्टाला चेतवणाऱ्या द्रव्याने फारसा फरक पडला नाही. मात्र डेल्टा अडवणारं नॅल्ट्रिंडोल घालताच गती कमी झाली, आणि तीही पहिल्या क्षणापासून. कप्पाला चेतवलं किंवा अडवलं, तरी गतीत बदल दिसला नाही.

आता हे एकत्र वाचा. म्यू चेतवला तर गती उतरते. डेल्टा अडवला तर गती उतरते, म्हणजे गती टिकवून धरायला डेल्टाचं थोडंफार काम सतत चालू असणं गरजेचं दिसतं. एकाच कुळातले दोन रिसेप्टर एकाच पेशीवर बसून वेगवेगळी कामं करत आहेत. म्हणून वीर्यात 'ओपिऑइड जास्त की कमी' यापेक्षा कोणतं पेप्टाइड, किती, किती वेळ आणि कोणत्या रिसेप्टरवर, हे महत्त्वाचं ठरतं. याआधी, १९८० च्या दशकात, बीटा-एंडॉर्फिन आणि मेट-एन्केफॅलिन थेट शुक्राणूंवर घालून जे प्रयोग झाले त्यांत जास्त मात्रेला गती मंदावलेली दिसली होती. त्यावरूनच 'एंडॉर्फिन शुक्राणूंना मारतं' असा एक समज पसरला. मंद होणं आणि मरणं यात फार मोठा फरक आहे.

मंदावणं हा दोषच नाही का?

तसं असेलच असं नाही. शुक्राणूकडची ऊर्जा मर्यादित असते. स्खलनाच्या क्षणी सगळेच पूर्ण वेगाने धावू लागले तर स्त्रीबीजापर्यंत पोचण्याआधीच थकतील. वृषणातून निघालेला शुक्राणू अधिवृषण नावाच्या लांब नळीत परिपक्व होतो, तिथे जवळजवळ निश्चल पडून असतो आणि वीर्यद्रवात मिसळल्यावर पोहू लागतो. खरी फलनक्षमता तर स्त्रीच्या शरीरात काही तास घालवल्यावरच येते. म्हणजे त्याच्या प्रवासात आवर आणि जोर हे दोन्ही आळीपाळीने लागतात. वीर्यातली पेप्टाइडं यातला आवर घालण्याचा भाग सांभाळत असावीत, हा तर्क मला पटणारा आहे. पण तो अजून तर्कच आहे.

पेशीच्या आत काय घडतं?

इतर पेशींत ओपिऑइड रिसेप्टर चेतवला की तो जी-प्रथिनामार्फत (रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनामार्फत) सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचं उत्पादन घटवतो. शुक्राणूची शेपटी हलायला हाच रेणू लागतो, त्यामुळे हिशेब सोपा वाटतो. पण शुक्राणूत सायक्लिक एएमपी मुख्यतः एका वेगळ्या एन्झाइमपासून बनतं. ते बायकार्बोनेट आणि कॅल्शियम यांच्या इशाऱ्यावर चालतं, जी-प्रथिनाच्या नव्हे. म्हणून मेंदूच्या पेशीतली साखळी जशीच्या तशी शुक्राणूत चालते असं गृहीत धरता येत नाही. कॅल्शियमची ये-जा आणि प्रथिनांवर फॉस्फेट चढणं-उतरणं या दोन दिशांनी शोध चालू आहे.

एन्केफॅलिन तोडणारी एन्झाइमंही वीर्यात असतात म्हणे?

असतात आणि भरपूर असतात. पेप्टाइडांच्या नावांची चर्चा खूप होते, या एन्झाइमांची फारशी होत नाही. माझ्या मते लक्ष द्यायचं ते यांच्याकडेच.

मुख्य एन्झाइमं दोन: नेप्रिलायसिन आणि अमिनोपेप्टिडेज-एन. पहिलं एन्केफॅलिनला मधून कापतं, दुसरं टोकाचं पहिलं अमिनो आम्ल उडवतं. या पहिल्या टायरोसिनशिवाय एन्केफॅलिन रिसेप्टरला चिकटूच शकत नाही, त्यामुळे एवढी एक काटछाटही त्याला निकामी करायला पुरते. ही एन्झाइमं शुक्राणूच्या पृष्ठभागावर असतात आणि प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रोस्टॅसोम नावाच्या सूक्ष्म पुटिकांवरही असतात. म्हणजे पेप्टाइड जिथे काम करतं तिथेच त्याचा नाश करणारी यंत्रणाही हजर असते. पाण्याच्या टाकीत नळ आणि मोरी दोन्ही उघडी असली, तर पातळी कुठे राहील हे नुसत्या नळाकडे बघून सांगता येत नाही. इथेही तसंच आहे.

प्रयोगशाळेत या एन्झाइमांना रोखणारी द्रव्यं वापरल्यावर शुक्राणूंची गती सुधारल्याचं काही गटांना दिसलं. हे वाचून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. नेप्रिलायसिन फक्त एन्केफॅलिन कापत नाही. सबस्टन्स-पी आणि न्यूरोकायनिन ही दुसऱ्या कुळातली पेप्टाइडंही ते कापतं, आणि त्यांचे रिसेप्टरही शुक्राणूवर आहेत. एन्झाइम अडवल्यावर गती वाढली तर श्रेय कोणाला द्यायचं? हा गुंता सुटल्याशिवाय 'एन्केफॅलिन वाचवलं की गती वाढते' असं छातीठोकपणे म्हणणं घाईचं आहे.

ही एन्झाइमं रोखणारी औषधं तर बाजारात आहेत. ती घेतली तर?

घेऊ नका. नेप्रिलायसिन रोखणारं सॅक्युबिट्रिल हे हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना व्हल्सार्टनबरोबर दिलं जातं. त्याने रक्तदाब उतरतो आणि पोटॅशियम वाढू शकतं. रेसेकॅडोट्रिल हे जुलाबावरचं औषध आहे. आतड्यातलं एन्केफॅलिन टिकवून ते पाण्याचा स्राव कमी करतं. पुरुष वंध्यत्वासाठी या दोन्हींपैकी एकालाही मान्यता नाही. काचेच्या बशीतल्या शुक्राणूंवर दिसलेला परिणाम आणि गिळलेल्या गोळीचा वीर्यातला परिणाम यांत खूप अंतर आहे.

शुक्राणूच्या टोकातही एन्केफॅलिन असतं, हे खरं?

हो. शुक्राणूच्या डोक्यावर अ‍ॅक्रोसोम नावाची टोपीसारखी पिशवी असते. बीजाच्या आवरणाशी भेट झाली की ती फुटते आणि आतली द्रव्यं बाहेर येतात. एन्केफॅलिनच्या मूळ प्रथिनापासून बनलेली पेप्टाइडं या पिशवीत साठवलेली असतात, हे १९९० मध्ये माणसासह इतर काही सस्तन प्राण्यांत दाखवलं गेलं. म्हणजे शुक्राणू या पेप्टाइडांमध्ये नुसता भिजत नाही, तो स्वतःचा साठाही बरोबर नेतो आणि ऐन फलनाच्या जागी मोकळा करतो. तिथे त्यांचं काम काय, हा पुढचा प्रश्न. बीजांडाभोवतालच्या द्रवातही बीटा-एंडॉर्फिन सापडतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी काही देवाणघेवाण होत असण्याची शक्यता संशोधकांना खुणावते.

ही पेप्टाइडं नसतील तर मूल होणारच नाही का?

उंदरांवरून पाहिलं तर असं ठामपणे म्हणता येत नाही. एन्केफॅलिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर जगतात आणि त्यांना पिल्लंही होतात. उलट १९९७ मध्ये म्यू रिसेप्टर नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला, त्यात नरांची समागमाची प्रवृत्ती कमी होती, शुक्राणूंची संख्या आणि गती घटली होती, आणि पिल्लांची संख्याही कमी भरली. गंमत पाहा: म्यू चेतवला तर माणसाच्या शुक्राणूची गती उतरते आणि म्यू अजिबात नसला तरी उंदरात ती कमीच. अर्थात ज्या उंदरात रिसेप्टर जन्मापासून कुठेच नाही, त्याच्या मेंदूत, हॉर्मोनांत आणि वृषणात काय काय बदललं असेल, ते सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.

मेंदूतल्या ओपिऑइडचा शुक्राणूंशी काही संबंध आहे का?

आहे, आणि रोजच्या उपचारांच्या दृष्टीने वीर्यातल्या पेप्टाइडांपेक्षा हाच संबंध जास्त महत्त्वाचा आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे हॉर्मोन ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सुटतं. त्या ठोक्यांवर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोन सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं. एफएसएच आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू घडवतात. जीएनआरएचला चालना देणाऱ्या चेतापेशी तीन द्रव्यं एकत्र बाळगतात: किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि आपलं डायनॉर्फिन. पहिली दोन ठोका सुरू करतात, डायनॉर्फिन कप्पा रिसेप्टरवर काम करून तो थांबवतं. थांबणं नसेल तर ठोकाच उरणार नाही, नुसता सलग स्राव होईल, आणि जीएनआरएचच्या सलग माऱ्याने पिट्युटरी उलट गप्प होते. नॅलोक्सोन दिलेल्या पुरुषांत एलएचचे ठोके वाढतात. शरीराची स्वतःची ओपिऑइडं एरवी त्यांना आवरून धरतात, याचा हा सरळ पुरावा.

मग ओपिऑइड वेदनाशामकांनी जननक्षमतेवर परिणाम होतो का?

दीर्घकाळ घेतली तर होतो. इथे मी जरा थांबून लिहितो, कारण हा प्रश्न विचारायला बरेच जण संकोचतात आणि डॉक्टरही दरवेळी आपणहून विचारत नाहीत.

मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, ऑक्सिकोडोन, फेंटॅनिल, मेथाडोन, तसंच अफू आणि हेरॉइन, ही सगळी वर सांगितलेल्या ठोक्यांवर दाब आणू शकतात. एलएच कमी होतं, त्यामागोमाग टेस्टोस्टेरॉन घटतं. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, थकवा, उदासी, दाढीचे केस विरळ होणं, स्नायूंची ताकद घटणं अशी लक्षणं दिसतात. प्रोलॅक्टिन हे आणखी एक हॉर्मोन वाढून भर पडू शकते. १९७५ मध्येच हेरॉइन आणि मेथाडोन घेणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेथाडोनवर असलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, वीर्याचं आकारमान आणि शुक्राणूंची गती हे सगळं कमी आढळलं. म्हणजे ही माहिती नवी नाही. ती पुरेशी सांगितली जात नाही, एवढंच.

परिणाम मात्रेवर आणि कालावधीवर अवलंबून असतो. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा दिवस घेतलेल्या गोळ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. महिनोन्‌महिने, विशेषतः जास्त वेळ परिणाम टिकणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र मूल हवं असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि कृपा करून औषध अचानक बंद करू नका. अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, उलट्या, असह्य अस्वस्थता सुरू होते, मूळ वेदना उसळते. काही काळ बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेने सुरू केलं तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो, कारण दरम्यान शरीराची सवय मोडलेली असते. मात्रा हळूहळू उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

लवकर स्खलन होऊ नये म्हणून ट्रामाडोल किंवा अफू घेतली तर?

ट्रामाडोलने स्खलन लांबतं हे खरं आहे, आणि त्याचमुळे त्याचा गैरवापर होतो. सवय लागते, झटके येऊ शकतात, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर घेतल्यास जिवावर बेतणारी गुंतागुंत होते. मुलासाठी प्रयत्न करणाऱ्याने तर हॉर्मोनांवर दाब आणणारं औषध सुखासाठी म्हणून रोज घेणं, हे स्वतःच्याच प्रयत्नांवर पाणी टाकणं आहे. शीघ्रपतनावर याहून सुरक्षित उपचार आहेत. लाज न बाळगता डॉक्टरांना विचारा.

व्यसनमुक्तीचं औषध चालू आहे. मुलासाठी ते सोडावं का?

नाही. व्यसनमुक्तीचे उपचार मध्येच सोडणं हा जिवाचा धोका आहे. मेथाडोनच्या तुलनेत ब्यूप्रेनॉर्फिन टेस्टोस्टेरॉनला कमी दाबतं असं दिसून आलं आहे, त्यामुळे बदल शक्य आहे का हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. नॅल्ट्रेक्सोन वेगळ्या जातीचं: ते ओपिऑइड रिसेप्टर अडवतं, म्हणून अशा पद्धतीने हॉर्मोन दाबत नाही. पण मेथाडोनवर किंवा इतर ओपिऑइडवर असताना ते घेतलं तर एकदम तीव्र त्रास सुरू होतो. आणि वंध्यत्वावरचं मान्य औषध म्हणून ते वापरलं जात नाही.

टेस्टोस्टेरॉन कमी निघालं. इंजेक्शन घेऊन टाकू का?

मूल हवं असेल तर अजिबात नाही! सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे; तो एलएच आणि एफएसएच बंद करतो, वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू घटतात, काही पुरुषांत शून्यावर जातात. टेस्टोस्टेरॉनचा वापर पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी करून पाहण्यात आला आहे, तो याच कारणाने. जिममध्ये मिळणाऱ्या स्टेरॉइडांनाही हेच लागू. क्लोमिफेन किंवा एचसीजीसारखे वेगळे मार्ग आहेत, पण ते कोणाला आणि कधी, हे तज्ज्ञाने ठरवायचं.

वीर्यातलं एंडॉर्फिन मोजून घ्यावं का?

त्यावर पैसे घालवू नका. ही नेहमीच्या उपचारांतली तपासणी नाही आणि तिच्या आकड्यावरून डॉक्टर कोणताही निर्णय घेऊ शकत नाहीत. त्यामागे एक तांत्रिक अडचणही आहे. ही पेप्टाइडं अँटिबॉडीच्या मदतीने मोजली जातात, आणि अँटिबॉडी अनेकदा पूर्ण बीटा-एंडॉर्फिन, त्याचे तुकडे आणि त्याचं पूर्वरूप असलेलं बीटा-लायपोट्रोपिन यांत नीट भेद करत नाही. शिवाय स्खलनानंतर वीर्य आधी घट्ट होतं आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं. तेवढ्या वेळात एन्झाइमं पेप्टाइडं तोडत असतात. नमुन्यातलं हे तोडणं कधी आणि कसं थांबवलं यावर आकडा बदलतो. जननक्षम आणि वंध्य पुरुषांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यात याचा मोठा हात असणार.

मग कोणती तपासणी करावी?

साधी वीर्य तपासणी. २ ते ७ दिवस स्खलन न करता नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतल्या किमान पातळ्या अशा: आकारमान १.४ मिली, दर मिलीमागे १.६ कोटी शुक्राणू, एका नमुन्यात एकूण ३.९ कोटी, एकूण गतिशील ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. या रेषा नापास-पासच्या नाहीत. ज्यांना वर्षभराच्या आत मूल राहिलं अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची ती सीमा आहे. त्याखाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत आणि वर असूनही अडचण आलेले आहेत. एकच रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करून बघा. एकाच पुरुषाचे आकडे खूप वरखाली होतात.

व्यायामाने एंडॉर्फिन वाढतं. त्याने वीर्य सुधारेल?

व्यायाम जरूर करा, पण या कारणासाठी नाही. रक्तात थोडा वेळ वाढलेलं एंडॉर्फिन वृषणाभोवतालचा अडसर ओलांडून वीर्यातली पातळी ठरवत नाही. 'एंडॉर्फिन वाढवून शुक्राणू वाढवा' असं लिहिलेल्या पावडरी आणि गोळ्यांमागे आधार नाही. वजन आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, दारू कमी करणं आणि वृषणाला सतत उष्णता न लागू देणं, यांचा उपयोग याहून खूप जास्त.

वीर्यातल्या एंडॉर्फिनने स्त्रीची मनःस्थिती सुधारते का?

असं खात्रीने सांगावं असा पुरावा नाही. मात्रा अगदी सूक्ष्म असते आणि योनीत तसंच रक्तात या पेप्टाइडांचे तुकडे लवकर होतात. जवळिकीने मिळणाऱ्या समाधानाला वीर्यातल्या रसायनाची गरजही नाही. या दाव्याचा वापर कंडोम टाळण्यासाठी कोणी करत असेल तर तो मान्य करू नका.

ओपिऑइड औषध थांबल्यावर शुक्राणू पूर्ववत होतात का, आणि किती दिवसांनी?

हॉर्मोनांवरचा दाब बहुतेकांत उलटवता येण्याजोगा असतो; औषध उतरल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन वर येऊ लागतं. शुक्राणूंना त्यापुढे वेळ लागतो. एक शुक्राणू वृषणात घडायला साधारण ७४ दिवस, त्यानंतर अधिवृषणातून बाहेर यायला आणखी दोन आठवड्यांपर्यंत. त्यामुळे तीन महिन्यांच्या आत केलेली तपासणी जुन्या काळात घडलेले शुक्राणूच दाखवते, आणि ती वाचून निराश होण्यात अर्थ नसतो.

दरम्यान दोघांचीही तपासणी थांबवू नये. नियमित संबंध असून १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही तर, आणि स्त्रीचं वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर ६ महिन्यांतच, डॉक्टरांकडे जावं. पुरुष घटक जवळपास निम्म्या जोडप्यांत कारणाचा भाग असतो, तेव्हा पहिल्या भेटीलाच पुरुषाने बरोबर जावं. जाताना चालू असलेल्या आणि मागच्या सहा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी न्यावी: पाठदुखीच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीन असलेलं औषध, जिममधली इंजेक्शनं, व्यसन असेल तर तेही.